जिन्यातली पाटी

जवाहरनगरला कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरच्या जिन्यात, वळणावरच्या भिंतीत एक खिळा होता. आमच्या आधी राहून गेलेल्या कुणी तो कशासाठी ठोकला होता, ठाऊक नाही. त्या खिळ्याला मी मुलीची जुनी पाटी अडकवली तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मुलगी वरच्या वर्गात गेली होती, तिला आता वह्या लागत. पाटी घरात नुसती पडून होती, आणि मी मॅट्रिकला बसायचं ठरवलं होतं.

माझं माहेर भंडाऱ्यातल्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यातलं. घरात माग होते, आणि अभ्यास करायचा तो मागाच्या खटखटीतच. मी गणितात नापास झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नापास होण्याचं कुणी फारसं मनाला लावून घेतलं नाही. मीही नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग वसाहतीत बालवाडी निघणार अशी बोलणी सुरू झाली. शिकवायला बाई हवी होती आणि ती निदान मॅट्रिक पास हवी होती. मी घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं. ते बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बस न मंग. कोन नाही म्हनते तुले?"

तोवर मॅट्रिकची दहावी झाली होती, पण आम्ही सगळे मॅट्रिकच म्हणत असू. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, पुस्तकं जुनी मिळवली. अडचण वेगळीच निघाली. मला पुस्तकापुढे बसताच येईना.

वेळ नव्हता असं नाही. सकाळी भोंगा वाजायचा, कारखान्याची बस घरच्यांना घेऊन जायची, थोड्या वेळानं मुलगी शाळेत जायची आणि घर शांत व्हायचं. नेमकं तेव्हाच मला डाळ निवडावीशी वाटे. कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालाव्याशा वाटत. एकदा तर मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

सुविचारांचा नाद मला शाळेपासून. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरात खाली बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं असे. ती पानं मी जपून ठेवी. लग्नानंतरही माहेरची एक मैत्रीण आणि मी पोस्टकार्डावर खुशालीच्या खाली एकेक सुविचार लिहून पाठवत असू. आळस, चिकाटी, वेळेचं मोल, चांगल्या सवयी, सगळं त्यात असे. आम्ही दोघी एकमेकींना सुधारत होतो, आणि आमच्यात फरक काही पडत नव्हता.

म्हणून आधी मी अशी एक ओळ कागदावर लिहून चुलीवरच्या भिंतीला डकवली. आठवडाभरात तिच्यावर धूर बसला आणि मला ती दिसेनाशी झाली. तेव्हा वाटलं, घरात नको, बाहेर लावू. चार लोक वाचतील आणि त्यांच्या लाजेनं तरी आपण बसू. अशी ती पाटी जिन्यात गेली. पहिल्या दिवशी मी लिहिलं: "उठल्यावर विचार करू नये, तोंड धुवावे."

त्या जिन्यात आम्ही चार घरं. आमच्या समोर उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब होतं. त्यातल्या भाभीला मराठी वाचता येई, पण अर्थ तिच्या सोयीनं लागे. तिनं कमरेवर हात ठेवून पाटी वाचली आणि म्हणाली, "लिखा तो अच्छा है दीदी, पर करेगा कौन?" दुसऱ्या दिवशी मात्र खडू मागून तिनं खाली हिंदीत आपली एक ओळ लिहिली. कामाला लागलं की काम छोटं होतं, अशा अर्थाची. तिच्या आईच्या तोंडी ती सारखी असे, असं तिनं सांगितलं.

पण पाटीचे खरे वाचक खालचे भाऊजी. आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहत, वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे, मूळचे साकोलीकडच्या एका खेड्यातले. घरची धानाची शेती भाऊ पाहत, आणि हे कारखान्यात मशीनवर. आवाज असा की ते खाली बोलले तर वर स्वयंपाकघरात ऐकू यावं. ड्यूटीवर निघताना ते मुद्दाम वळणापर्यंत वर चढून येत, पाटी मोठ्यानं वाचत आणि वरच्या दाराकडे तोंड करून विचारत, "वयनी, हे लिवलं तं लिवलं. काल गनित झालं का?"

मी आतून म्हणायची, "झालं जी."

"किती झालं?"

"थोडं झालं."

"थोडं म्हंजे पुस्तक उघडलं," असं म्हणून ते हसत खाली उतरत. त्यांच्या भीतीनं मी खरोखर बसायला लागले. त्यांना खोटं सांगितलेलं चालत नसे. आवाजावरून ओळखत.

हळूहळू पाटी सगळ्या जिन्याची झाली. कुणी वर्तमानपत्रातलं आणून देई. भाऊजी कारखान्यातून ऐकून येत आणि मला सांगत. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणत असे. ताई अगदी कमी बोलणाऱ्या. त्या पाटी वाचत, पण त्यांनी कधी काही सुचवलं नाही. एकदा मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "आमच्या घरी बोलनारे एक पुरेत, बाई."

त्या वर्षी धान कापणीला भाऊजी सुट्टी घेऊन गावी गेले. जाताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत बीजगणित आटपून ठेवा." आठ-दहा दिवसांनी निरोप आला की बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, ते खाली पडले. उजवं अंग गेलं. दवाखान्यात ते बरेच दिवस होते. घरचे दोनदा जाऊन भेटून आले. मी विचारलं, कसे आहेत. ते म्हणाले, "पाह्यतेत. ओळखतेत. बोलत नाहीत."

ऐन थंडीत त्यांना क्वार्टरवर आणलं. दोघांनी खांद्याला धरून आत नेलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, घशातून एक आवाज आला आणि तोंड पुन्हा मिटलं. एवढ्या आवाजाचा माणूस, आणि खालचं घर असं गप्प झालं की त्यांच्या खाटेची करकर वर ऐकू येऊ लागली.

मी पाटी पुसली. ज्याचा हात उचलत नाही त्याच्या दाराजवळ प्रयत्नाच्या आणि चिकाटीच्या गोष्टी लिहून कशा टांगायच्या? आमच्या त्या सगळ्या ओळी धडधाकट माणसांनी धडधाकट माणसांसाठी लिहिलेल्या होत्या, हे मला पहिल्यांदाच दिसलं. पाटी कोरीच राहिली. माझा अभ्यासही जवळजवळ सुटला.

एका सकाळी ताई वर आल्या. एरवी त्या कधी वर येत नसत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पाटी काहून बंद केली जी?"

मी काहीतरी सांगितलं, वेळ मिळत नाही वगैरे. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याईले धरून मी रोज दारापर्यंत आनते. डॉक्टरनं सांगतलं, चालवा म्हनून. दारात आले का वर वळनाकडं पाह्यतेत. कोरी पाटी पाह्यतेत न मंग मागं फिरतेत. लिवत जा जी. डॉक्टर म्हने, मोठ्यानं वाचाले लावा."

मी त्याच दिवशी कॅलेंडरची पानं काढली. त्यातल्या त्यात धीर देणारी, सातत्याबद्दलची एक चांगली लांब ओळ निवडली आणि वळणदार अक्षरात लिहिली. पाटी खिळ्यावरून काढून खालच्या पायरीवर ठेवली, म्हणजे त्यांना वर चढायला नको. ताईंनी भाऊजींना धरून आणलं आणि पायरीवर बसवलं. त्यांनी पाटी डाव्या हातानं मांडीवर घेतली. "सा," म्हणाले. पुढचं 'तत्य' काही केल्या निघेना. पुन्हा "सा". मान लाल झाली. मग त्यांनी पाटी बाजूला ठेवली, हळूच, आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. ताईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि मला मानेनंच जायला सांगितलं.

दुपारी त्या पुन्हा वर आल्या. म्हणाल्या, "मोठं नको लिवू. जोडाक्षर नको. आन 'र' नको. र त्याईले येतच नाही, गळ्यात अडकते."

मी बसले सुविचार शोधायला, ज्यात र नाही असा. माझ्याजवळच्या साऱ्या पानांत एक सापडेना. माणसाला सुधारायला निघालेल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कर' किंवा 'करा' किंवा 'करावे' असतंच. कष्ट करा, विचार करा, निश्चय करा. 'कर' काढलं की त्या ओळींत काही उरेना. समोरच्या भाभीला मी ही अडचण सांगितली. ती म्हणाली, "तो मत कहो न कि करो. जो करना है, वही कह दो."

दुसऱ्या दिवशी मी पाटीवर लिहिलं: "बस."

भाऊजींनी पाहिलं. "बस," म्हणाले. स्वच्छ नव्हतं, पण बसच होतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग तसंच चाललं. "ऊठ." "चाल." "हात हलव." "पाणी पी." "आज बी वाच." एकेक ओळ दोन-तीन दिवस टिके, कारण आदल्या दिवशीची म्हणता आल्याशिवाय ते पुढची घेत नसत. पाटी बदललेली दिसली की बोटानं पुसून टाकत आणि जुनीच लिहायची खूण करत. मला सुविचार म्हणून हे लिहिताना सुरुवातीला ओशाळल्यासारखं होई. ते वाचून कुणी पोस्टकार्डावर पाठवणार नव्हतं. पण रोज सकाळी बस गेली की खालून काठीचा आवाज येई, आणि त्याआधी ओळ लिहून पाटी पायरीवर ठेवलेली असावी लागे. ते वाचत तोवर मी वरच्या पायरीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसे. ते एका अक्षराशी झगडत, मी एका समीकरणाशी. कधी ते थांबले की मीही थांबे, आणि त्यांनी पुन्हा सुरू केलं की मला वही बंद करता येत नसे. ताई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत.

भाभीनं यात एक भर घातली. ती जाता-येता त्यांना मोठ्यानं विचारे, "भाईसाहब, आज क्या लिखा है?" आम्ही सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होतो, आजाऱ्याशी बोलावं तसं. ती पहिल्यासारखीच बोले, आणि ते तिला उत्तर द्यायची जास्त धडपड करत. एकदा "चाल" वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "तो चलिए." ते काठी टेकून उठले आणि तिच्यामागं अंगणातल्या तुळशीपर्यंत गेले. परत येताना हसत होते. ओठांची एकच बाजू हसत होती, पण हसत होते.

परीक्षा मार्चमध्ये होती. माझं केंद्र भंडाऱ्यात, ज्या मोहल्ल्यात वाढले त्याच्या जवळच. गणिताच्या पेपरच्या सकाळी ताई आणि भाऊजी दोघे मला बसपर्यंत सोडायला आले. बसथांबा तसा जवळ, पण त्यांच्या चालीनं लांब. बस आली तेव्हा त्यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "बस." मी बसमध्ये बसले. नंतर किती तरी वेळ मला कळेना की त्यांना बसमध्ये बस म्हणायचं होतं, का तिथं जाऊन पेपराला नीट बस म्हणायचं होतं.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास.

घरच्यांनी निकाल आणला आणि टेबलावर ठेवला. चहा घेतला. मग म्हणाले, "ऑक्टोबरले एकच विषय देनं आहे. बाकीचे तं निघाले." त्यांचं बरोबर होतं. पण मला त्या दिवशी ते बरोबर नको होतं. तोच विषय, तशीच नापास, मधे एवढी वर्षं जाऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी खाली ठेवली नाही. बस गेली. खालून काठीचा आवाज आला आणि थांबला. मी दार लावून आत बसून होते.

थोड्या वेळानं काठी पायरीवर वाजली. मग पुढच्या पायरीवर. जिना चढायची त्यांची अजून हिंमत झाली नव्हती. ताईंचा आवाज आला, "नका चढू जी, पडान." मी धावत दार उघडलं. कठड्याला डाव्या हाताचा विळखा घालून भाऊजी वळणापर्यंत आले होते, मागं ताई दोन्ही हात पसरून. भिंतीवर नुसता खिळा पाहून ते माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडून शब्द यायला वेळ लागे, म्हणून आम्ही दोघी थांबलो.

"काहून?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "नापास झाली जी. गणितात."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते कळलेलं होतं. त्यांनी तिथंच वळणावर, भिंतीला टेकून बसून घेतलं आणि आपल्या बाजूच्या पायरीवर हात थोपटला. मी पाटी आणली, खडू आणला, पण लिहायला काही सुचेना. त्यांनी पाटी माझ्या हातून काढून घेतली आणि डाव्या हातानं लिहायला लागले. डाव्या हाताचं त्यांचं ते पहिलंच लिहिणं. अक्षरं मोठी, एकमेकांवर चढलेली. लिहून झाल्यावर पाटी माझ्यापुढे धरली.

"रोज येतो म्हून येतो."

त्यात र होता. लिहिताना त्यांना तो अडला नव्हता, वाचताना अडला. ते "ओज येतो" म्हणाले. पुन्हा म्हणाले. ताई मागून म्हणाल्या, "राहू द्या, समजलं बाईले." मला समजलं होतं: जमतं म्हणून नाही, रोज यायचं म्हणून ते येत होते. मी आत जाऊन पुस्तक घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या सकाळी माझं एकही गणित सुटलं नाही. पण बसले मी.

ती ओळ मी मैत्रिणीला पोस्टकार्डावर पाठवली. तिचं उत्तर आलं की सुविचार समजला नाही, पुढं काही राहून गेलं का. मी तिला लिहिलं, एवढाच आहे.

पाऊसकाळात एका दुपारी खालून ताईंनी हाक मारली. त्या कधी मोठ्यानं हाक मारत नसत, म्हणून मी आणि भाभी दोघी उतरलो. भाऊजी ताटावर बसले होते. ताई म्हणाल्या, "भात आनखी देऊ का म्हटलं, तं पाहा काय म्हनतेत." आणि त्यांच्याकडे वळून, "म्हना जी पुन्हा."

भाऊजींना आमचं असं समोर येऊन उभं राहणं आवडलेलं नव्हतं. ते भात कालवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "बरं."

र चांगला खणखणीत नव्हता, पण होता. ताईंनी भात वाढला आणि वाढतच राहिल्या. शेवटी भाऊजींनी ताटावर हात आडवा धरला.

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी गणितात पास झाले. मार्क सांगण्यासारखे नव्हते. घरच्यांनी कारखान्यात पेढे वाटले. बालवाडी मात्र आणखी बऱ्याच दिवसांनी निघाली. मला तिथं जागा मिळाली आणि पुढं कितीतरी वर्षं मी लहान मुलांना ग, म, भ, न शिकवलं. र ज्यांना येत नसे अशी मुलं दर वर्षी असत. मी त्यांच्यासाठी कधी घाई केली नाही.

भाऊजींना पुन्हा मशीनवर उभं राहता येणं शक्य नव्हतं. काही महिने त्यांना बसून करायचं हलकं काम दिलं होतं, पण उजव्या हातात पुरती ताकद आली नाही आणि त्यांनी स्वतःच घरी जायचं ठरवलं. ट्रकमध्ये सामान चढलं त्या दिवशी ताईंनी मला एका बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मी तं कधी काही लिवाले सांगतलं नाही तुमच्या पाटीवर." मी म्हटलं, आता सांगा. त्या म्हणाल्या, "नाही जी. हे बोलाले लागले आता. मले बोलायचं काम नाही." आणि चक्क हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

नंतर पाटी काही दिवस चालली. मग समोरच्या भाभीच्या घरच्यांची बदली झाली, नवीन लोक आले, त्यांना जिन्यात खडूची भुकटी पडलेली आवडत नसे. मी पाटी काढून बालवाडीत नेली.

पुढं चार-पाच वर्षांनी आम्ही साकोलीकडे एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी उतरलो. घर शोधावं लागलं नाही. रस्त्यावरच्या माणसानं लांबूनच दाखवलं आणि म्हणाला, "आता घरी नाही भेटनार, बोडीवर असतीन." बोडी म्हणजे गावामागचं लहान तळं. भाऊजी तिच्या पाळीवर काठी घेऊन उभे होते. पाणी कोणत्या बांधीत आधी सोडायचं यावरून दोन माणसं आपसात वाद घालत होती आणि भाऊजी त्यांना समजावत होते. त्यांचा एकेक शब्द वेळ घेऊन येई. दोघं थांबून ऐकत, मधे कुणी तोंड घालत नसे. मला वाटलं, पूर्वीच्या त्या मोठ्या आवाजात ते बोलत तेव्हाही कुणी त्यांचं इतकं नीट ऐकलं नसेल.

आम्हाला पाहून ते म्हणाले, "आले का." मग घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवून पाळीवरून चालायला लागले. चालता चालता शेत दाखवत होते. हे भावाचं, हे आमचं, तिकडं ओली जमीन, तिथं धान उशिरा येते. मी आणि ताई मागून चाललो होतो. ताईंचं सुरूच होतं. या वर्षीचा तांदूळ, सुनेचं बाळंतपण, गावातल्या शाळेवर आलेला नवा मास्तर. मी एक विचारलं की त्या चार सांगत. जेवून जा म्हणून दोघांनी धरून बसवलं. बोडीतल्या मासळीचं कालवण आणि घरचा भात. संध्याकाळची बस चुकेल म्हणून घरचे घाई करत होते, पण ताई वाढत होत्या आणि भाऊजी सावकाश सांगत होते की बस अशीच उशिरा येते, बसा.